विश्लेषण : वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पेटी… हात परत येतो का? जुनी दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

शाळेत असताना पेटीच्या शिकवणीला जाणारी, गणपतीत आरत्यांना साथ करणारी, एखाद-दोन परीक्षा दिलेली अनेक मंडळी पुढे नोकरी, बदल्या आणि संसारात पेटीपासून दुरावतात. पन्नाशी-साठीत पुन्हा वाजवावेसे वाटते, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. हात आता वळेल का आणि पेटी कोणती घ्यायची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. कारण चुकीची पेटी घरात आली, की परत आलेला वादक काही आठवड्यांतच पुन्हा उठून जातो.

पेटी सुटते कुठे आणि आठवते केव्हा?

महाराष्ट्रात आणि गोव्यात पेटी हे घरातले वाद्य आहे. नाट्यसंगीत, कीर्तन, भजन, आरती, शाळेची प्रार्थना अशा सगळ्या ठिकाणी ती असते. त्यामुळे लहानपणी थोडीफार पेटी शिकलेल्यांची संख्या मोठी असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांच्या वाटेवर अनेक जण निघतात. दहावी-बारावीच्या वर्षी क्लास बंद होतो तो बहुधा कायमचाच. वसतिगृहात पेटी नेता येत नाही, भाड्याच्या खोलीत शेजारी कुरकुरतात आणि पुढे वेळ उरत नाही.

परतीची कारणेही ठरावीक असतात. निवृत्ती जवळ येते, मुले शिकायला बाहेर जातात, एखाद्या भजनी मंडळाला पेटीवाला हवा असतो किंवा आईवडिलांचे घर आवरताना माळ्यावरून त्यांची पेटी खाली येते. शेवटच्या प्रसंगात खरा पेच असतो. समोरचे लाकडी खोके कोणासाठी अडगळ असते, तर कोणासाठी वडिलांचा हात. ते भंगारात द्यायचे, कोणाला देऊन टाकायचे की वाजते करायचे, हे घर रिकामे करायच्या दोन-चार दिवसांतच ठरवावे लागते. अशा घाईत घेतलेला निर्णय नंतर फिरवता येत नाही.

इतक्या वर्षांनी हात परत येतो का?

येतो, पण सगळा एकदम येत नाही. स्मृतीचे वेगवेगळे प्रकार असतात. रागाचे नाव, बंदिशीचे शब्द, आरोह-अवरोह ही माहितीची स्मृती. बोटे कोणत्या क्रमाने पडतात ही कृतीची स्मृती. सायकल चालवणे किंवा पोहणे जसे विसरत नाही, तसा बसलेला हात सहसा पुसला जात नाही. १९६० च्या दशकात गाजलेल्या एका अभ्यासात, नव्या घटना अजिबात लक्षात न राहणाऱ्या रुग्णाला आरशात पाहून चित्र गिरवण्याचे कसब मात्र रोजच्या सरावाने येत गेले. आपण हे आधी केले आहे, हे त्याला आठवत नव्हते. हात मात्र सुधारत होता.

दुसरी दिलासा देणारी गोष्ट जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिली होती. विसरलेली गोष्ट दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आठवत नाही म्हणजे काहीच उरलेले नाही, असे नसते.

पेटीच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत परत येते ती पट्ट्यांची ओळख. कोणत्या पट्टीला ‘सा’ धरला की मध्यम कुठे पडतो, हे बोटांना माहीत असते. पाठ केलेले अलंकार आणि एखाद-दुसरी गत अर्धवट का होईना, निघते. सर्वात उशिरा येतो तो वेग. अनामिका आणि करंगळी अडखळतात, अंगठा नको तिथे पडतो. डाव्या हाताचा भाता उजव्या हाताच्या लयीबरोबर उचकायला लागतो आणि सुराला झटके बसतात.

खरी अडचण मात्र बोटांत नसते. परत आलेल्याचा कान पुढे गेलेला असतो. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने भरपूर ऐकलेले असते. काय चांगले वाजते हे त्याला कळते आणि आपले वाजणे त्याच्या जवळपासही नाही, हेही कळते. नवशिक्याला आपली चूक कळत नाही म्हणून तो आनंदात असतो. परतलेला वादक पहिल्याच आठवड्यात खट्टू होतो. अनेक पेट्या दुसऱ्यांदा बंद होतात त्या इथे.

पेटी आतून चालते तरी कशी?

घेण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला देण्यापूर्वी एवढे माहीत असलेले बरे. मागचा भाता हलवला की हवा आतल्या भात्यात जाते. हा आतला भाता तळाशी असतो आणि त्याला स्प्रिंगा असतात. त्या हवेवर सतत दाब ठेवतात. त्यामुळेच बाहेरचा भाता क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. समोरच्या खुंट्या ओढल्या की हवेला सुरांच्या खणात वाट मिळते. पट्टी दाबली की तिच्या मागचे झाकण उचलले जाते आणि हवा पितळी सुरातून बाहेर पडते.

सूर म्हणजे पितळेच्या पट्टीत कापलेली बारीक खाच आणि तिच्यावर एका टोकाला बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवेने ही जीभ खाचेतून आत-बाहेर थरथरते. जिभेची लांबी, जाडी आणि वजन यांवर सुराची उंची ठरते. म्हणून सूर मिळवणारा कारागीर जिभेच्या टोकाकडे किंचित घासतो तेव्हा सूर चढतो आणि बुडाशी घासतो तेव्हा उतरतो. प्रत्येक वेळी थोडे धातू कमी होते. वारंवार घासलेला सूर पातळ होतो आणि एक दिवस तुटतो. सूर मिळवणे हे अनुभवी हाताचे काम आहे, ते यासाठी.

याच तत्त्वावर चालणारे चीनमधले शंग हे वाद्य फार जुने आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस या सुरांवर प्रयोग झाले. १८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी अकॉर्डियनचे पेटंट घेतले, तर १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबां यांनी हार्मोनियमचे. तो हार्मोनियम पायाने चालायचा. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची पेटी पुढे कोलकात्यात घडली. तिचे श्रेय द्वारकानाथ घोष यांना दिले जाते.

इंग्लंड-आयर्लंडमधल्या लोकनृत्यांत वाजणारा मेलोडियन हा त्याच घराण्यातला. त्यात पट्ट्यांऐवजी बटणे असतात आणि भाता दाबताना एक, तर ओढताना दुसरा सूर निघतो. तिकडेही वर्षानुवर्षे कपाटात पडलेला मेलोडियन काढून पुन्हा वाजवणारे पुष्कळ असतात. त्यांना बोटांबरोबर भात्याची दिशाही नव्याने आठवावी लागते. पेटीवाल्याची त्यातून सुटका आहे. इथे भाता कुठल्याही दिशेने असो, पट्टीचा सूर बदलत नाही.

माळ्यावरची पेटी दुरुस्त होते का?

बहुतेक वेळा होते. पेटीतल्या ज्या गोष्टी आधी खराब होतात, त्या बदलण्याजोग्या असतात. भात्याचे कापड आणि घड्यांवरचे चामडे सुकून चिरते. झाकणांखालचे मऊ कापड आणि चामडे कसर किंवा झुरळे खातात, भात्यात उंदीर घर करतात. स्प्रिंगा आणि स्क्रू गंजतात. कोकणासारख्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. एखादा सूर हात न लावताच वाजत राहतो, म्हणजे त्याचे झाकण नीट बसत नाही किंवा खाली कचरा अडकला आहे. मुका झालेला सूर अनेकदा केवळ धुळीच्या कणाने अडलेला असतो.

चिंता करावी अशा गोष्टी तीनच. सुरांच्या फळीला तडा गेला असेल, लाकडाला वाळवी किंवा भुंगा लागला असेल किंवा बरेच सूर तुटलेले वा बदललेले असतील, तर खर्च वाढत जातो आणि हमी उरत नाही. पेटी आडवी करून हळूच ठोकावी. बारीक भुसा पडला, तर लाकूड आतून पोखरले गेले आहे.

दुरुस्ती की नवी, हे ठरवताना सूर पाहावेत. एके काळी जर्मनी आणि फ्रान्समधून सूर आयात होत. त्या काळातल्या अनेक पेट्यांत ते आजही आहेत आणि जाणकार त्यांना मोल देतात. पुढे गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर नावाजले गेले. बाहेरून कळकट दिसणाऱ्या पेटीच्या पोटात उत्तम सूर असू शकतात. म्हणून पेटी कारागिराकडे देण्यापूर्वी ती समोर उघडायला सांगावी, सुरांच्या फळीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि कोणते काम होणार ते कागदावर लिहून घ्यावे. ‘सूर बदलून टाकू, नवेच बसवू’ असे कोणी पहिल्या भेटीत सांगितले, तर दुसऱ्या कारागिराचेही मत घ्यावे.

घरात कोणी येईपर्यंत एवढेच करावे. पेटी उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्याने आतून पुसू नये, पट्ट्यांच्या फटीत तेल सोडू नये. अनेक वर्षे बंद असलेला भाता जोराने ताणू नये. सुकलेले चामडे तेवढ्यानेच फाटते.

नवी घ्यायची तर कोणती?

बाजारात पेटीची किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाते. हा फरक लाकूड, सूर, कारागिरी आणि सोयी यांचा असतो. नक्षी, पॉलिश आणि काचेचे झाकण यांचा आवाजाशी फारसा संबंध नसतो.

पहिला प्रश्न सप्तकांचा. तीन सप्तकांची पेटी ३७ पट्ट्यांची, सव्वातीनची ३९ आणि साडेतीनची ४२ पट्ट्यांची असते. घरच्या सरावाला आणि भजनाला सव्वातीन सप्तके पुरतात.

दुसरा प्रश्न सुरांच्या ओळींचा. दोन सुरी पेटीत प्रत्येक पट्टीला दोन सूर असतात, बहुधा खर्ज आणि नर किंवा नर आणि मादी. तीन सुरी पेटीत खर्ज, नर, मादी असे तिन्ही. म्हणजे ३९ पट्ट्यांच्या दोन सुरी पेटीत ७८ सूर, तर तीन सुरीत ११७. सूर वाढले की आवाज भरदार होतो, पण तेवढीच हवा जास्त लागते, वजन वाढते आणि मिळवून ठेवायचे सूरही वाढतात. ज्याच्या डाव्या हाताला भात्याची सवय राहिलेली नाही, त्याला भरलेली तीन सुरी पेटी पहिल्या महिन्यात दमवते. खर्ज-नर ही दोन सुरी जोडी गाण्याच्या साथीला गोड लागते आणि परतीच्या वादकाला झेपते.

तिसरा प्रश्न जोडसुराचा, म्हणजे कपलरचा. तो लावला की दाबलेल्या पट्टीबरोबर शेजारच्या सप्तकातली त्याच सुराची पट्टीही आपोआप दबते. पन्नास माणसांच्या भजनात हा भरणा उपयोगी पडतो. घरी त्याची गरज नसते आणि त्यामुळे पट्ट्या जड लागतात.

स्केल चेंजर हवाच का?

दुकानात सर्वात जास्त भर याच सोयीवर दिला जातो. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा सगळा संच सरकवता येतो. त्यामुळे बोटे नेहमीच्या जागी ठेवून पट्टी बदलता येते. पुरुष गायक काळी एक-दोनमध्ये आणि स्त्री गायिका काळी चार-पाचमध्ये गात असतील, तर एकाच बोटांच्या बैठकीत दोघांना साथ करता येते.

सोय मोठी आहे, पण तिची किंमत पैशांपुरती नाही. सरकणारा भाग आला की जोड वाढतात, वजन वाढते, हवा गळण्याच्या जागा वाढतात आणि दुरुस्तीला जाणकार कारागीर लागतो. ज्याने लहानपणी साध्या पेटीवर काळी एक किंवा पांढरी चारमध्ये हात बसवला आहे, त्याच्या बोटांत त्या पट्टीचा नकाशा आहे. त्याला आधी तोच परत मिळवायचा असतो. दोन-चार पट्ट्यांत वाजवायची सवय जुन्या पेटीमास्तरांनी विद्यार्थ्यांना लावली ती उगाच नव्हे. त्याच पैशांत स्केल चेंजर नसलेली, पण चांगल्या सुरांची पेटी मिळत असेल, तर घरी वाजवणाऱ्याने सूर निवडावेत.

दुकानात पेटी तपासायची कशी?

विक्रेता पेटीवर सुरेख तान घेऊन दाखवतो आणि गिऱ्हाईक भुलते. तपासणी याच्या अगदी उलट, हळू आणि कंटाळवाणी असते. तिला अर्धा तास द्यावा.

* भाता : एकही पट्टी न दाबता भाता भरावा. थोड्याच वेळात हाताला अडथळा जाणवला पाहिजे. पट्टी न दाबताही भाता मोकळा हलत राहिला, तर हवा गळते आहे.
* एकेक सूर : एका वेळी एकच खुंटी उघडून सगळ्या पट्ट्या ओळीने वाजवाव्यात. आधी अगदी कमी हवेवर, मग भरपूर हवेवर. कमी हवेवर उशिरा बोलणारा आणि जास्त हवेवर किंचाळणारा सूर लक्षात ठेवावा.
* जोडी : आता दोन्ही ओळी उघडून एकेक पट्टी लांब धरावी. आवाजात ‘वँव-वँव’ अशी लाट ऐकू आली, तर दोन सूर आपसांत मिळालेले नाहीत.
* पट्ट्या : सगळ्या एका उंचीवर हव्यात. दाबताना लाकडावर लाकूड आपटल्याचा खटखटाट नको. पट्टी सोडताच वर यायला हवी.
* सा-प आणि सा-सा : खालच्या सप्तकापासून वरच्यापर्यंत या जोड्या धरून ऐकाव्यात. मोबाइलवरचे ट्यूनर ॲप मदतीला घ्यावे, पण शेवटचा कौल कानाचा.
* बैठक : आपण घरी जसे बसणार, तसेच बसून पाहावे. गुडघे साथ देत नसतील, तर पेटी टेबलावर आणि आपण खुर्चीत. टेबलाची उंची अशी हवी की कोपर आणि पट्ट्या साधारण एका पातळीत येतील.

ऑनलाइन घेताना यातले जवळजवळ काहीच तपासता येत नाही. व्हिडिओत सूर ऐकू येतो, हवेची गळती दिसत नाही. शिवाय प्रवासातल्या आदळआपटीने सूर उतरतात. लांबून मागवायचीच असेल, तर परत घेण्याची आणि पहिल्या वर्षातल्या सूरमिळवणीची अट लेखी घ्यावी. नव्या पेटीचे लाकूड आणि सूर पहिल्या पावसाळ्यात हलतात. त्यामुळे वर्षभराने ती एकदा मिळवून घ्यावीच लागते. घरापासून तासाभराच्या अंतरावर चांगला कारागीर आहे का, हे पेटीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काम भागेल का?

पट्ट्यांची ओळख ताजी करायला आणि रात्री हेडफोन लावून वाजवायला कीबोर्ड उपयोगी आहे. पण पेटीत सुराचा जीव डाव्या हातात असतो. सूर किती उचलायचा, कुठे सोडायचा, श्वास कुठे घ्यायचा हे भाता ठरवतो. कीबोर्डवर तो हात रिकामा राहतो आणि परतल्यावर सर्वात जास्त सराव त्यालाच लागतो. शेजाऱ्यांची अडचण असेल, तर पेटीची एकच खुंटी उघडावी आणि वरचे झाकण लावून वाजवावे. आवाज बराच खाली येतो.

आकाशवाणीने पेटी हद्दपार का केली होती?

पेटीकडे परतणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा, कारण त्यातल्या आक्षेपांशी त्याची रोज गाठ पडणार आहे. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नापसंत होती. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात माहिती-प्रसारण मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांनी ती कायम ठेवली. १९७१ च्या सुमारास बंधने सैल झाली, तीही टप्प्याटप्प्याने.

आक्षेप दोन होते. पहिला मींडेचा. पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पायरी उतरावी लागते. दुसरा सुरांच्या जागांचा. पेटीचे बारा सूर सप्तकाचे सारखे बारा भाग करून मिळवलेले असतात. म्हणून कोणत्याही पट्टीला ‘सा’ धरता येतो, पण काही सूर नैसर्गिक जागेवरून हलतात. ‘सा’ २४० हर्ट्झचा धरला, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार ३०० हर्ट्झवर असतो. पेटीचा गांधार ३०२.४ च्या जवळ असतो. फरक छोटा वाटतो, पण तंबोऱ्याबरोबर गांधार लांब धरला की कानाला टोचतो.

यावर महाराष्ट्रात उत्तरे शोधली गेली. ठरावीक पट्टीत वाजवणारे काही वादक त्या पट्टीला गांधार उतरवून घेतात. त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. मुख्य उत्तर मात्र वादकांच्या हाताने दिले. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मोठे पेटीवादक होते. पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर आणि गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी गाण्याचा भाव या वाद्यातून उमटवून दाखवला. भात्याचा दाब, कणसुरांचा स्पर्श आणि पट्टी सोडण्याची वेळ यांतून मींडेचा भास निर्माण करता येतो, हे त्यांच्या वादनात ऐकू येते. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा रेडिओने नाकारलेले हे वाद्य बरेच पुढे आले होते.

परतीच्या वादकासाठी याचा अर्थ सोपा आहे. गांधार किंवा धैवत टोचला, तर दोष नेहमी हाताचा किंवा पेटीचा नसतो. तो बारा सुरांच्या वाटणीचाही असतो. आणि जुनी पेटी मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी जुळत नसेल, तर लगेच ती बिघडली असे समजू नये. जुन्या पेट्यांचा मूळ सूर आजच्या ठरलेल्या मापापेक्षा थोडा वर-खाली असू शकतो. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये सूर बारीक वर-खाली करण्याची सोय असेल, तर त्याने पेटीशी जुळवून घ्यावे.

पहिले तीन महिने कसे घालवावेत?

रोज तासभर बसण्याचा संकल्प चार दिवसांत मोडतो. पंधरा-वीस मिनिटे, पण रोज, हे बोटांना आणि कामाच्या माणसाला दोघांनाही झेपते. पेटी कपाटात ठेवू नये. कापड टाकून समोरच ठेवावी. काढण्याचा त्रास वाचला की बसणे होते.

पहिला पंधरवडा भात्याचा. फक्त ‘सा’ लांब धरायचा आणि तो न हलता, न फुगता किती वेळ राहतो ते पाहायचे. मग सा-रे-ग-म सावकाश, प्रत्येक सुराला सारखे वजन. या काळात ओळखीचे गाणे वाजवण्याचा मोह होतो. ते शेवटची पाच मिनिटे जरूर वाजवावे, कारण पेटी घेतली ती त्यासाठीच.

दुसऱ्या महिन्यात अलंकार, तेही लहानपणी ज्या पट्टीत बसवले होते त्याच पट्टीत. वेग वाढवण्याऐवजी अनामिका आणि करंगळीकडे लक्ष द्यावे. एकेकाळी पाठ असलेली गत हाताला तशीच वाजवू द्यावी, मध्ये थांबून विचार करू नये. अडली की थोडे मागून पुन्हा यावे. बरेचदा डोके जिथे अडते, तिथे बोटे पुढे निघून जातात.

तिसऱ्या महिन्यात शिक्षकाकडे जावे. जुन्या चुकाही जुन्या हाताबरोबर परत येतात आणि त्या स्वतःला दिसत नाहीत. वयाने लहान गुरूसमोर बसायला संकोच वाटतो, पण महिन्यातून दोन बैठकाही पुरतात. मोबाइलवर आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि लगेच न ऐकता महिन्याने ऐकावे. रोजच्या रोज प्रगती जाणवत नाही, महिन्याच्या अंतराने ती कळते.

बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील, तर सराव संध्याकाळी करावा. सुरुवातीचे अवघडलेपण काही मिनिटांत जाते. पण दुखणे वाढत गेले किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. खांदा दुखत असेल, तर आधी भाता तपासावा. हवा गळणारी पेटी डाव्या हाताकडून दुप्पट काम करून घेते.

पण वाजवायचे कोणासाठी?

पेटी पुन्हा सुटू नये यासाठी याचे उत्तर पेटीच्या किमतीपेक्षा जास्त कामाला येते. एकट्याने बंद खोलीत वाजवणारा दोन-तीन महिन्यांत थकतो. ज्याची कोणी वाट पाहते तो टिकतो. पेटी हे मुळात साथीचे वाद्य आहे आणि साथीला मैफलीचा दर्जा लागत नाही. सोसायटीच्या गणपतीतल्या आरत्या, एकादशीचे भजन, घरात गाणे शिकणारी नात, शेजारच्या आजींचा हरिपाठ यांना सूर धरून ठेवणारा माणूस हवा असतो. तिथे तान चुकली तरी चालते, ‘सा’ हलला मात्र लगेच कळते. परतलेल्या वादकाला तेवढे तीन महिन्यांत जमते.

म्हणून खरेदीच्या आधी एक तारीख ठरवावी. येत्या गणपतीला दोन आरत्या, किंवा पुढच्या एकादशीला एक अभंग. मग त्या दोन आरत्यांना पुरेल अशी पेटी घ्यावी किंवा माळ्यावरची दुरुस्त करावी. मोठी, भारी पेटी पुढे कधीही घेता येते. वडिलांच्या पेटीचे सूर शाबूत असतील, तर ती आधी कारागिराकडे न्यावी. भात्याला नवे चामडे लागले आणि सूर मिळवले, की तिच्यावर त्याच आरत्या वाजतात. घरातल्या जुन्या माणसांना तो आवाज ओळखीचा असतो आणि समोर बसून ऐकणारे तेच पहिले असतात.